दीड पान

मेहेर सिग्नलकडून येताना कोर्टाच्या भिंतीला लागून
तिसरी टपरी माझी.
झेरॉक्स, टायपिंग, वकालतनामा, कोर्टफीची तिकिटं.
पानाला तीस रुपये, घाई असेल तर चाळीस.

इंदुमती घुगेंचा दावा मीच टाईप केला होता,
नऊ वर्षांपूर्वी, बावीस पानं.
अंबडच्या शेडमधून गेलेली अकरा हजार खोकी
मोहाडीच्या शीतगृहात मऊ पडली म्हणे,
द्राक्षं दबली, बिल अडलं.
तेव्हापासून बाई दर दोन महिन्यांनी सीबीएसला उतरायच्या,
माझ्याकडे पाणी पिऊन आत जायच्या,
आणि बाहेर येताना नुसता आकडा टाकायच्या:
चौदा. बावीस. सहा.
मला कधी काही विचारावं लागलं नाही.

आज मात्र आत गेल्या नाहीत.
"खैरनार, तुमच्याकडे नेट बरं आहे.
अकराला मध्यस्थी आहे, लॅपटॉपवर."

मी स्टुलावरची रिमं खाली ठेवली,
पंखा बंद केला, आवाज नको म्हणून.
पडद्यावर तीन चौकटी उघडल्या.
एकीत बाई, मागे माझं दरपत्रक.
एकीत गायधनी मॅडम, मध्यस्थ, त्यांच्या खिडकीत मांजर.
एकीत दौलत बोरस्ते, एप्रिलमध्ये स्वेटर घालून.
गोदामातूनच बोलत होता.

पहिला अर्धा तास जुनाच.
ओलावा, पुठ्ठ्याची जाडी, तीन पदर की पाच,
तापमानाच्या वहीतलं पान कुणी फाडलं.
मला पाठ आहे सगळं. परिच्छेद सात ते अकरा.

मग मॅडमनी विचारलं,
"ते पैसे तेव्हा आले असते, तर काय करणार होतात?"
हा प्रश्न माझ्या बावीस पानांत कुठेच नव्हता.
"दुसरं मशीन घेणार होते. राहिलं.
दोन पोरं कमी करावी लागली.
त्यातला एक तुमच्याकडेच लागला, दौलतभाऊ."

दौलतभाऊ.
मी दीडशे वेळा तरी लिहिलं असेल: सदर प्रतिवादी.
प्रतिवादीला थंडी वाजत नाही.
हा स्वेटरच्या बाह्या ओढत
कॅमेऱ्याबाहेर कुठेतरी बघत होता.
"एकनाथ ना? आता खोकी तोच तपासतो माझ्याकडे."

एवढ्यात लाईट गेली.
मी माझा मोबाईल पुढे केला. रेंज दोनच काड्या.
टपरीच्या दारात हात वर करून उभा राहिलो,
साक्षीदार शपथ घेतो तसा.

मॅडमनी बाईंना वेगळ्या खोलीत नेलं.
खोली म्हणजे तीच खुर्ची, तोच लॅपटॉप,
फक्त बोरस्तेची चौकट नाहीशी.
तिथं काय बोलणं झालं ते ऐकलं. सांगणार नाही.
सुरुवातीलाच मॅडमनी माझ्याकडूनही तशी कबुली घेतली होती.

दोनच्या सुमाराला झालं.
साठ टक्के रक्कम, तीन हप्ते, व्याज सोडलं.
पुढच्या हंगामाची खोकी बाईंचीच, पाच पदरी.
पुन्हा वाद झालाच तर लवाद, एकच, तोही ऑनलाईन,
निवाडा नव्वद दिवसांत.
बोटं सवयीने एक शून्य जास्त टाकून गेली होती, खोडलं.
ओटीपी आला, सही झाली.
पुकारा नाही, पट्टेवाला नाही.

दीड पान. पंचेचाळीस रुपये.
खरं सांगायचं तर लांबलेल्या भांडणांवरच
माझ्या पोरीची फी गेली आजवर.
आणि हे सगळ्यांना जमेलच असं नाही.
बाकावर भगूरचे एक काका बसलेत सकाळपासून,
भाऊ पाठवलेली लिंकच उघडत नाही त्यांचा.
मध्यस्थीला दोघं लागतात. कोर्टाला एक पुरतो.

बाईंनी तरी प्रिंट मागितलीच,
"कागद हाताला लागला पाहिजे, खैरनार."
घडी घालून पर्समध्ये ठेवली,
आणि लाल फितीची फाईल माझ्या टेबलावर टाकून गेल्या.
"घाला रद्दीत."

घातली नाही.
पानं एका बाजूने कोरीच आहेत.
काकांच्या नोटिशीचा कच्चा मसुदा
आत्ताच त्यांच्या पाठीवर काढला.
उजेडात धरलं की मागचं उलटं दिसतं:
अकरा हजार खोकी,
सदर प्रतिवादी.